डाग दिसला की हात जातो

फौजदाराची एक पद्धत होती आणि तिचा त्याला थोडा गर्वही होता. संशयिताला खोलीत बसवायचं, टेबल स्वतःच्या हाताने पुसून मोकळं करायचं, सापडलेली वस्तू त्याच्यासमोर ठेवायची आणि गप्प बसायचं. प्रश्न नाही, दरडावणं नाही, हात उगारणं तर नाहीच. वस्तू पिशवीतून काढून उघडी ठेवायची, कारण प्लॅस्टिकच्या आडून वस्तू बोलत नाही असं त्याचं म्हणणं. सीलबंद पिशवी अशी फोडायची नसते हा नियम त्याला तोंडपाठ होता. पण ह्या पद्धतीने त्याने भल्याभल्यांना बोलतं केलं होतं, त्यामुळे वरचे काणाडोळा करत. ठाण्यातले लोक पाठीमागे त्याला 'दुकानदार' म्हणायचे. माल मांडून गिऱ्हाइकाची वाट बघतो म्हणून. हे त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या सकाळी टेबलावर एक पांढरा शर्ट होता.

खोली ठाण्याच्या मागच्या अंगाला होती. भिंती कमरेपर्यंत हिरव्या, वर पिवळट. कोपऱ्यात कॅमेरा, छताला कुरकुरणारा पंखा आणि एकच खिडकी. तिच्यातून मागचं आवार दिसायचं. जप्त केलेल्या गाड्या तिथे ओळीने उभ्या असत आणि काहींच्या चाकांभोवती गवत माजलं होतं. टेबलापलीकडे लाँड्रीवाला बसला होता. पन्नाशीचा, बुटका, खुर्चीत मागे टेकला की पाय जेमतेम जमिनीला लागणारा. बोटांची टोकं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढुरकी झालेली. कोठडीत राहूनही त्याच्या सदऱ्यावर एक चुणी नव्हती.

शर्ट त्याच्याच दुकानाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचा होता. पंचविशीतला पोरगा, ताडमाड उंच. एका सकाळी गाडी घेऊन दुकानावर गेला, मागच्या दाराने आत शिरला आणि बाहेर आलाच नाही. समोरच्या घड्याळजीने ओरडण्याचा आवाज ऐकला होता. झडतीत हवालदाराला हा शर्ट सापडला तो गिऱ्हाइकांसाठी तयार ठेवलेल्या कपड्यांत. बाकीचे कपडे लखलखीत आणि ह्याच्या कॉलरपासून खांद्यापर्यंत तळहाताएवढा तपकिरी डाग. वरून कडक इस्त्री. शर्ट बहिणीने ओळखला. तिसरं बटण तिनेच निळ्या दोऱ्याने लावलं होतं. डाग बघून ती अशी मटकन खाली बसली, की तिला दोघी महिला शिपायांनी धरून उठवावं लागलं.

ही बहीण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला तिनेच वाढवलं, तिनेच गाडी शिकवली. तक्रार दिल्यापासून रोज आपले क्लास आटोपून ती ठाण्यात येई आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राही. आदळआपट नाही, रडारड नाही. फौजदार दिसला की उठून नुसती त्याच्याकडे बघायची. ते बघणं त्याला सोसवेना. एकदा तो बोलून गेला, "तुमचा भाऊ मी शोधून देतो. कसा का असेना, देतो." पोलिसाने असा शब्द द्यायचा नसतो, पण दिला तो दिला.

तर शर्ट टेबलावर ठेवून फौजदार गप्प बसला. दाराशी हवालदार उभा होता. लाँड्रीवाल्याने शर्टाकडे पाहिलं. मग मान पुढे काढून आणखी जवळून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी खंतावल्यासारखं आलं. पद्धत लागू पडत होती. फौजदाराने श्वास धरून ठेवला.

लाँड्रीवाल्याने अंगठा जिभेला लावला, कॉलर डाव्या हातात धरली आणि डागावरून अंगठा फिरवला.

फौजदाराने झेप टाकून शर्ट हिसकावून घेतला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कॉलर पांढरीशुभ्र होती. ओलीसुद्धा नव्हती.

"काय केलंस हे?"

"माफ करा, साहेब," लाँड्रीवाला ओशाळून म्हणाला. "डाग दिसला की हात जातो. जुनी सवय."

पहिला संताप ओसरल्यावर फौजदाराला खरं तर बरंच वाटलं. असं कुणी केलं तर काय होतं, हे त्याने नव्या पोरांना कितीदा तरी शिकवलं होतं. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा. मूळ गुन्हा सिद्ध होवो न होवो, ह्याची शिक्षा स्वतंत्र. शिवाय कोर्ट विचारणारच की निर्दोष माणूस पुसापुशी कशाला करेल. गडी आयताच हाती लागला होता.

"आता तूच स्वतःला अडकवलंस," तो म्हणाला. "चौकशी चालू असताना, कॅमेऱ्यासमोर, दोन पोलिसांच्या डोळ्यांदेखत पुरावा नष्ट केलास. ह्याचं वेगळं भोगशील."

"भोगेन, साहेब. फक्त काय नष्ट केलं, तेवढं सांगा."

फौजदाराने हवालदाराकडे वळून पाहिलं. "काय काय पाहिलंस, सांग ह्याला."

हवालदार गोंधळला. वीस वर्षं नोकरी झालेला, सरळ माणूस. त्याच्यासारखा साक्षीदार शोधून सापडला नसता. "ह्यांनी कॉलर जरा नीट केली, साहेब."

"आणि डाग?"

"कसला डाग?"

"झडतीत शर्ट तूच उचललास ना? मग कशासाठी उचललास?"

"तुम्ही म्हणालात घे, म्हणून घेतला." हवालदाराने आवाज खाली आणला. "शर्ट स्वच्छच होता, साहेब. लाँड्रीतला शर्ट."

फौजदाराने कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. त्यात एक बुटका माणूस एका पांढऱ्या स्वच्छ कॉलरवरून अंगठा फिरवत होता आणि एक फौजदार त्याच्या अंगावर धावून जात होता. झडतीच्या वेळी काढलेले फोटो पाहिले. शर्ट होता, निळ्या दोऱ्याचं बटण होतं, आणि कॉलर कोरी होती. तो तडक घड्याळजीकडे गेला. घड्याळजीने डोळ्याचं भिंग न काढता विचारलं, "ओरडण्याचा आवाज? कधी? मी तर म्हणालो होतो की शांत गल्ली आहे आमची."

ह्या सगळ्याला काहीतरी साधं कारण असणार, असं फौजदार स्वतःला बजावत होता. फोटो कुणीतरी बदलले असतील. हवालदाराला कुणी फितवलं असेल. पण हवालदार त्याला लग्नाआधीपासून माहीत होता, आणि त्या भल्या माणसाला खोटं बोलताना कान लाल व्हायची खोड होती. त्याचे कान जसेच्या तसे होते.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, त्याने नष्ट काय केलं? शर्ट तर इथेच आहे. आता मी न्यायाधीशापुढे पांढरा शर्ट धरू आणि म्हणू, बघा, इथे जे नाहीये ते ह्याने पुसलं? पिशवी फोडून वस्तू हातात द्यायला कुणी सांगितलं होतं तुला? तुझं ते दुकान बंद कर आधी."

हे फौजदाराला जास्तच झोंबलं, कारण साहेबांचं बरोबर होतं. पिशवी बंद असती तर अंगठा पोचलाच नसता.

बाकावर बहीण बसली होती. त्याला बघून उठली, आणि आज तिच्या चेहऱ्यावर चक्क आशा होती. "शर्ट सापडला ना, साहेब? स्वच्छ आहे म्हणे. म्हणजे कपडे बदलून गेला असेल कुठेतरी. येईल हो. रागीट आहे जरा."

"ताई, परवा हाच शर्ट बघून तुम्ही खाली बसलात."

"मी?" ती हसली. "कशाला बसेन? शर्टच तर आहे."

तिला ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. तो तसाच पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने लाँड्रीवाल्याला पुन्हा खोलीत घेतलं. ह्या वेळी बेड्या पाठीमागे घातल्या आणि खुर्ची टेबलापासून हातभर दूर ठेवायला लावली. शहाण्या माणसाने एवढ्यावर पद्धत सोडली असती. पण सोडायची म्हणजे त्या सुरकुतलेल्या अंगठ्यापुढे हार मानायची, आणि ते त्याच्याने होईना. त्याने टेबल पुसलं आणि बहिणीने दिलेला फोटो मधोमध ठेवला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीशेजारी दोघं भावंडं उभी होती. चौकटीत मावावं म्हणून भाऊ वाकला होता आणि डावा हात तोंडावर धरून हसत होता. बहिणीने त्याच्या कमरेभोवती हात टाकला होता.

"ह्याला बघ," फौजदार म्हणाला. प्रश्न न विचारायचा नियम त्याने मोडला होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. "कुठे आहे हा?"

लाँड्रीवाल्याने फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, बोटांचे ठसे उठलेत त्याच्यावर. तुमचेच असतील."

फौजदाराने फोटो उचलला, बाहीवर पुसला आणि परत ठेवला.

ठेवल्यावर त्याचा हात तिथेच राहिला.

फोटोत बहीण एकटी उभी होती. एका कडेला. तिचा उजवा हात बाजूला, कशाभोवती तरी टाकल्यासारखा, हवेत होता.

"मी काही केलं नाही, साहेब," लाँड्रीवाला म्हणाला. बेड्या त्याच्या पाठीमागे होत्या आणि त्या हललेल्याही नव्हत्या.

फौजदार फोटो घेऊन व्हरांड्यात धावला. हवालदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ताईंचा एकटीचा फोटो कशाला घेतलाय, साहेब?" बहिणीने पाहिला आणि म्हणाली, "त्याला फोटो काढून घ्यायला आवडायचंच नाही हो. एकही नाही बघा त्याचा."

"चेहरा कसा होता? नाक, डोळे, काहीही सांगा."

"थांबा हं." तिने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं शोधल्यासारखी फिरत होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले तेव्हा ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. "उंच आहे. दारातून येताना वाकतो. डावखुरा आहे. हसताना तोंडावर हात धरतो. चेहरा... साहेब, असं कसं होईल? माझा भाऊ आहे तो."

"आहे," फौजदार म्हणाला. "मला आठवतोय." ते खरं होतं, आणि ते तसं असल्याचा त्याला विलक्षण राग आला. आख्ख्या ठाण्यात लक्षात ठेवायचं काम एकट्याच्याच गळ्यात पडलं होतं.

दुपारी मोठ्या साहेबांनी आदेश दिला. संध्याकाळच्या आत लाँड्रीवाल्याला सोडा, जप्त केलेली गाडी परत करा आणि माफी मागायची पाळी यायच्या आत प्रकरण मिटवा. "कोण हरवलंय ते तरी धड माहीत आहे का कुणाला?" साहेबांनी विचारलं, आणि विचारताना त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मग फौजदाराने शेवटची गोष्ट केली. वस्तू पुसल्या जातात, ठीक आहे. माणूस पुसला जात नाही. ज्या बाईने त्या पोराला लहानाचं मोठं केलं, तिला ह्या माणसासमोर उभी करायची आणि तिच्या डोळ्यांत बघून त्याला बोलू द्यायचं. ह्यापेक्षा मोठा पुरावा त्याच्याकडे नव्हता. त्याने बहिणीला आत नेलं आणि टेबलाच्या ह्या बाजूला बसवलं. बसवण्याआधी सवयीने टेबलावरून हात फिरवला.

"तू तिला हात लावायचा नाहीस," तो लाँड्रीवाल्याला म्हणाला. "आणि तोंडातून फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर येईल."

लाँड्रीवाल्याने मान डोलावली.

बहीण त्याच्याकडे बघत होती. "माझा भाऊ तुमच्याकडे कामाला होता," ती म्हणाली. "सकाळी तुमच्याकडे आला. तुम्ही त्याचं काय केलंत?" आणि बोलता बोलता इतके दिवस अडवून धरलेलं पाणी तिच्या गालांवरून ओघळलं.

लाँड्रीवाला अवघडला. त्याने नजर खाली घातली, पुन्हा वर केली. तिच्या गालाकडे बघत राहिला.

"बोल," फौजदार म्हणाला.

"ताई," लाँड्रीवाला म्हणाला, "गालावर काहीतरी लागलंय तुमच्या."

"पुसू नका," फौजदार म्हणाला.

पण रुमाल तिच्या हातातच होता. रडणारं माणूस आणखी काय करणार?

तिने एक गाल पुसला.

मग दुसरा.

रुमालाची घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली. हिरव्या भिंती पाहिल्या, पंखा पाहिला, शेवटी फौजदाराकडे पाहिलं. तिचा चेहरा लांबच्या आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका झाला होता.

"मला इथे कशाला बोलावलंय हो?"

"तुमच्या भावासाठी."

"मला भाऊ नाही, साहेब," ती समजुतीने म्हणाली. "मी एकटीच. असता तर बरं झालं असतं." तिने पुढे वाकून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? घाम आलाय. पाणी सांगू का कुणाला?"

पुढचं सगळं फार साधेपणाने झालं. हवालदाराने बेड्या काढल्या. लाँड्रीवाल्याने मनगटं चोळली, सही केली आणि गाडीची किल्ली हातात घेऊन घुटमळला. "मला चालवता येत नाही," तो म्हणाला. "ड्रायव्हर ठेवायचं कधीचं मनात आहे." बहीण दारापर्यंत पोचली होती. ती वळली. दुकान कुठे आहे ते तिने विचारलं आणि म्हणाली, "द्या किल्ली, माझ्या वाटेवरच आहे. मी सोडते तुम्हाला." गाडी शिकवणाऱ्या बाईला त्यात विशेष काही वाटलं नाही. हवालदारालाही नाही.

फौजदार खोलीत एकटा राहिला. डोकं बधिर झालं होतं आणि त्याच्या तळाशी नुसती चीड होती. साहेबांची, हवालदाराची, आणि त्याहून जास्त आपल्या त्या लाडक्या पद्धतीची. त्याने शब्द दिला होता. निदान आपण तरी विसरायचं नाही, असं ठरवून तो पुटपुटत राहिला. उंच. डावखुरा. हसताना तोंडावर हात. उंच. डावखुरा. हसताना तोंडावर हात.

खिडकीतून मागचं आवार दिसत होतं. बहिणीने लाँड्रीच्या गाडीचं दार उघडलं होतं. उन्हात आतलं सगळं स्पष्ट दिसलं, आणि फौजदार पुटपुटायचा थांबला.

ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली होती, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत.

ही गाडी क्रेनने ओढून आणली होती. तेव्हापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं. लाँड्रीवाल्याचे पाय खुर्चीतून जेमतेम जमिनीला लागत होते. ती सीट कुणीतरी लांब पायांच्या माणसाने आपल्यासाठी सरकवली होती, आणि ती अजून तशीच होती. गाडी टेबलावर मावत नाही, म्हणून तेवढी एक गोष्ट त्याने कधी मांडलीच नव्हती.

तो धावला. व्हरांडा, मागचं दार, पायऱ्या.

"सीटला हात लावू नका," तो पायऱ्यांवरून म्हणाला. दम लागल्यामुळे आवाज नीट फुटत नव्हता.

बहीण गाडीत चढली होती. पाय पुढे ताणून बघत होती, ते पॅडलपासून वीतभर लांब राहत होते. शेजारी लाँड्रीवाला मांडीवर हात ठेवून समोर बघत बसला होता. तो काहीच करत नव्हता.

"काय म्हणालात?" तिने खिडकीतून हसून विचारलं. "अहो, आधी सीट, मग आरसा. पोरांना रोज हेच शिकवते मी."

तिने खाली हात घालून खटका ओढला. सीट पुढे आली. खट्ट.

मग तिने आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी सफाईदारपणे आवारातून बाहेर काढली.

फौजदार पायरीवर उभा होता. हवालदार मागून आला आणि साहेब कुणाशी बोलताहेत ते बघायला थांबला. फौजदाराचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो बोटांवर मोजत पुटपुटत होता.

"डावखुरा. हसताना तोंडावर हात."

तिसरं बोट तसंच मोकळं राहिलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन गोष्टी होत्या, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.